बंकटच्या मिशा आणि हरणीचे कान

वडवणीचा आठवडी बाजार. ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना सीताफळांचे ढीग. राजनंदिनी, म्हणजे घरच्यांची नंदा, एका ढिगापुढं वाकली होती. कडेवर दीड वर्षाची वैशू. सीताफळ दाबून बघायचं नसतं, त्याचे डोळे बघायचे — डोळे मोठे झाले, मधल्या रेघा पिवळ्या पडल्या, की खुशाल घ्यावं. तिनं एक फळ उचललं, उन्हात धरलं...

आणि तिच्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. ओलं, गार.

तिनं खाली पाहिलं. हरणाच्या रंगाची एक गावठी कुत्री. एक कान ताठ, दुसरा मधूनच दुमडलेला. अंगात हिरव्या कापडाचं जाकीट. कुत्री तिच्याकडं बघत होती, मागं वळून बघत होती, पुन्हा तिच्याकडं. नंदानं पाय मागं घेतला. कुत्रीनं पुन्हा नाक लावलं — या खेपेला जोरात, एखाद्यानं खांद्याला धरून हलवावं तसं.

नंदा वळली.

तीन पावलांवर टेम्पोची पाठ होती. कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो मागं मागं येत होता. सगळा रस्ता रिकामा झाला होता, माणसं कडेला उभी राहून हात हलवत होती, सगळ्यांची तोंडं उघडी. मधोमध ती एकटी, कडेवर लेक घेऊन, सीताफळाचे डोळे बघत उभी.

तिनं उडीच मारली. टेम्पो तिच्या पदराला वारा घालून गेला. वैशूला छातीशी धरून ती दुकानाच्या पायरीवर बसली. कुत्री समोर येऊन शांत बसली, काही विशेष झालंच नाही अशी.

मागून एक माणूस धावत आला. हातात सुटलेला पट्टा. उंच, सावळा, तिशीच्या आतबाहेरचा, आणि तोंडावर अशा मिशा, की नाकाखाली दोन कावळे पंख पसरून बसलेत असं वाटावं. तो काहीतरी बोलायला लागला. मिशा वर गेल्या, खाली आल्या, उजवीकडं हलल्या.

"थांबा," नंदा म्हणाली. "मला ऐकू येत नाही. ओठ वाचता येतात. पण तुमच्या तोंडावर ओठ कुठायत?"

माणूस थबकला. मग त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. हसतोय हे तिला खांद्यांवरूनच कळलं. त्यानं फोन काढला, तोंडाशी धरला, काही बोलला आणि पडदा तिच्यासमोर केला. बोललेलं अक्षरात उमटवणारं ते यंत्र असावं. पण बिचाऱ्याला बीडची बोली कुठून कळणार? पडद्यावर आलेल्या वाक्याला ना शेंडा ना बुडखा. माणसानं फोनकडं रागानं पाहिलं, पुन्हा बोलला, पुन्हा तोच गोंधळ. नंदाला हसू फुटलं. आत्ता मरता मरता वाचलो आणि आपण हसतोय... तिचं तिलाच नवल वाटलं.

शेवटी त्यानं एका बोटानं, घाम पुसत पुसत टंकलं —

'ही हरणी. मी बंकट. ज्यांना ऐकू येत न्हाई त्यांचे कान व्हायला आमी हिला शिकवतोय. बाजारात हॉर्नची सवय लावायला आनलती. आजवर ती फक्त मलाच सांगायची. अनोळखी माणसाला आज पयल्यांदा सांगितलं. कुणी शिकवलं न्हाई. माझ्या हातातून पट्टा हिसकला तिनं.'

नंदानं ते दोनदा वाचलं. मग मान खाली घालून त्या कुत्रीकडं बघत राहिली. एवढ्या गर्दीत, एवढ्या माणसांत, ऐकू न येणारी बाई कोणती, हे हिला कसं कळलं? सगळे सरकले आणि एक सरकली नाही, एवढ्यावरून? माणसांना वर्ष-वर्ष सांगून कळत नव्हतं...

"हिच्यासारखी," तिनं विचारलं, "मला मिळेल?"

मिशा काहीतरी म्हणाल्या. हो की नाही, देव जाणे.

*

वैशू चार महिन्यांची होती तेव्हा नंदाला ताप आला. मेंदूत शिरलेला ताप. तीन दिवसांनी ताप उतरला तो दोन्ही कान घेऊनच. मशीन लावून पाहिलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं — कानाची शीरच गेली म्हणाले. पुण्याच्या नवऱ्यानं 'चार दिवस विश्रांती' म्हणून माहेरी आणून सोडलं, आणि पाचव्या महिन्यात वकिलाचे कागद आले. नंदानं सही केली. त्या गोष्टीचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही.

पण एक सकाळ तिच्या मनातून जात नव्हती. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, पाठीमागं वैशू खेळत होती. दोन हातांवर. आई, विमलबाई, रानातून आली तेव्हा पोरीचं बोट कपाटाच्या दारात अडकलेलं, रडून रडून ओठ निळे पडलेले, आणि नंदा आपली तव्यावरच्या भाकरीला पाणी लावतेय... त्या दिवसापासून तिला सवयच लागली. दर चार श्वासांनी मान वळवून बघायचं. भाकरी थापताना, केस विंचरताना, पाणी पितानासुद्धा. रात्री मानेला रग लागायची.

आणि आता बीडच्या सरकारी कचेरीतून नोकरीचा कागद आला होता. एक जानेवारीला हजर व्हायचं. दिवसा पाळणाघर होतं. पण सकाळ, संध्याकाळ, रात्र? घरी दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेले वडील. विमलबाई बीडला येऊ शकत नव्हती.

"पोरीला हितंच ठिव," विमलबाई तिच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवून म्हणायची. "तू शनवारी येत जा."

शनिवारी येत जा! शनिवार ते शनिवार लेक किती वाढते, हे कुणी मोजलंय का?

म्हणून बाजारानंतर चौथ्या दिवशी दोघी मायलेकी वैशूला घेऊन, बंकट काम करायचा त्या 'सोबत' संस्थेत पोहोचल्या. नारायणगडाच्या रस्त्यानं जाताना डोंगराच्या कुशीत रेशीम-किड्यांची एक जुनी शेड होती. किडे गेले, तुती वाळली, आणि गीताबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं तिथं रस्त्यावरची कुत्री आणून शिकवायला सुरुवात केली. आंधळ्यांना वाट दाखवणारी, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारी. विलायती कुत्रं औषधालाही नाही. सगळी बीडच्या स्टँडवरची, बाजारातली, उकिरड्यावरची.

शेडच्या दारातच बंकट उभा होता.

नंदानं त्याला आधी ओळखलंच नाही. नाकाखालचे कावळे उडाले होते! वरच्या ओठावरची कातडी गोरी, कोवळी, दहा वर्षं ऊन न पाहिलेली. सगळा माणूस एकदम शाळेतल्या पोरासारखा दिसत होता. आणि तो, अंगणात खांब रोवावेत तसा एकेक शब्द रोवत म्हणाला —

"आता... दिसत्येत का... ओठ?"

नंदाला शब्द न् शब्द कळला. ती काही बोलणार, तोच शेजारी विमलबाईनं गालाला हात लावला. "अगं बाई! कधी गेले रं वडील?"

बाप जिवंत असताना कुणी मिशा उतरवतं का? बीड जिल्ह्यात तरी नाही. तिथं मिशी उतरते ती बाप सरणावर गेला की.

"न्हाई हो मावशी," बंकट गडबडला. "आबा ठणठणीत हायेत—"

आणि हे सिद्ध करायलाच की काय, फटफटीवरून आबा स्वतः आले. आसाराम. मुलापेक्षा दुप्पट मिशा. गाडी लावायच्या आधीच बोलायला लागले. नंदाला त्यांचं काहीच वाचता येईना, म्हणून बंकट तिच्याकडं तोंड करून वाक्य-वाक्य सांगायला लागला. आपल्याच बापाच्या शिव्या, एकही न गाळता.

"म्हणत्येत, सकाळपासून सात माणसं येऊन गेली. रडायला... म्हणत्येत, मामीनं येशीपासून गळा काढलता, अन् दारात आबा तंबाखू मळत बसलेले बघून जाग्यावर बसली. म्हणत्येत, गाढवा, बाप जित्ता असताना बोडकं तोंड करून गावातून हिंडलास कावून?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, कामासाठी."

आसारामांनी मुलाकडं पाहिलं. मग नंदाकडं. मग तिच्या कडेवरच्या वैशूकडं, वैशूच्या मुठीत कान धरू देणाऱ्या हरणीकडं. रागाचा फुगा हळूहळू उतरला. काहीतरी बोलले, गाडीवर बसले, पुन्हा काहीतरी बोलले आणि गाडीला लाथ मारली.

"काय म्हणाले?"

"म्हणत्येत, मेलो समजून लोक लई चांगलं बोलले माझ्याबद्दल. जित्तेपणी कधी ऐकलं नव्हतं."

"आणि शेवटी? गाडीवर बसल्यावर?"

"ते... कायी न्हाई." बंकट हरणीचा पट्टा सोडवण्यात फार गुंतला. त्याच्या कोवळ्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते. ओठ नुसते बोलत नाहीत, लाजतातसुद्धा — हे नंदाला त्या दिवशी समजलं.

*

ऑक्टोबर सरला, दिवाळी झाली. नंदा आठवड्यातून तीनदा शेडवर जायची. एसटीतून उतरून सीताफळांच्या झाडीतून चढ चढायची, आणि वरच्या वळणावर बंकट आणि हरणी उभे असायचे. तिच्या येण्याचं गावाला एकच कारण दिसायचं, तिला दोन.

हरणीचं काम बघताना नंदाचा श्वास अडकायचा. कुकरची शिट्टी झाली, गुडघ्याला नाक. दाराची कडी वाजली, गुडघ्याला नाक, आणि मग चार पावलं पुढं जाऊन वळून बघणं — चल, दाखवते. जग पुन्हा दाराशी येऊन उभं राहिलं होतं, आणि आत येण्याआधी एक ओलं नाक परवानगी मागत होतं.

"तुम्हाला कसं कळतं हो, हिला ऐकू आलंय ते?" तिनं एकदा विचारलं.

"कान बगायचे. दुमडलेला कान उठला की समजायचं." तो थांबला. "तुमी बगता तसं. तुमी पन लई बगता."

"मला बघावंच लागतं."

"लेकीकडं बगता ते वेगळं. पन मगाशी... तिकडं लेक नव्हती."

"हरणी होती तिकडं."

"हरणी माझ्या पाठीमागं होती, नंदाबाई."

नंदा फार घाईनं वैशूच्या पायातला बूट ठीक करायला वाकली. बूट ठीकच होता.

पण एक गोष्ट बिघडत होती, आणि तीच सगळ्यांत मोठी होती. वैशू रडली की हरणी नंदाच्या गुडघ्याला नाक लावायची, नेमानं. 'कुठं?' अशी नंदानं हाताची खूण केली की चालायला लागायची... आणि वैशूकडं न जाता बंकटकडं जाऊन बसायची. त्याच्या उजव्या खिशाकडं बघत. त्या खिशात वाळल्या भाकरीचे, तूप लावलेले तुकडे असायचे. सहा महिने तिनं त्या खिशासाठी काम केलं होतं. बंकट शेडमागं लपला तर शेडमागं जायची. झाडावर चढला तर झाडाखाली बसायची.

एका दुपारी वैशू ओट्यावरून खाली घसरली. लागलं नाही फारसं, पण रडली. हरणीनं नंदाला सांगितलं, खूण समजली, आणि ऐटीत चालत तिला थेट बंकटपुढं नेऊन उभं केलं. नंदानं तिकडं पाहिलं आणि इकडं पाहिलं. तिची लेक दहा पावलांवर मातीत पालथी होती. कपाटाच्या दाराची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढून सर्रकन गेली.

गीताबाईंनी चष्मा काढला. त्या नंदाशी बोलताना नेहमी समोर येऊन, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलत. "कुत्री अजून बंकटची आहे. त्याला इथून जावं लागेल. चाळीस दिवस. भेट नाही, त्याच्या हाताची वस्तू नाही, त्याचा वास लागलेलं कापडसुद्धा नाही. हरणी तुझ्या घरी राहील. एकेचाळिसाव्या दिवशी मी परीक्षा घेईन, बंकटला समोर उभं करून. जमलं तर हरणी तुझी. नाही जमलं... तर परत आणावी लागेल. अर्धवट कान मी कुणाला देत नाही."

एकेचाळिसावा दिवस म्हणजे डिसेंबरची सव्वीस तारीख. नंदानं मनातल्या मनात बोटं मोजली. एक जानेवारीला पाचच दिवस उरणार होते.

उतरताना सीताफळांच्या झाडीत बंकटनं तिला थांबवलं. शेवटची फळं झाडावरच तडकली होती, त्यांचा गोड आंबूस वास हवेत दाटला होता. बंकट तिच्या पुढ्यात उभा राहिला. ओठांवर ऊन पडेल असा, मुद्दाम.

"नंदाबाई... तिला न्हाई जमलं तर न्हाई जमलं. मी हाय की."

"म्हणजे?"

"म्हंजे... लगीन करू. मी येतो बीडला. मला ऐकू येतंय. वैशू रडली तर मी उठंन, मी सांगंन... तुमाला मान वळवायची गरजच न्हाई."

याच शब्दांची तिनं किती दिवस वाट पाहिली होती. आणि आले ते असे! काटा मोडावा तसं आत काहीतरी मोडलं.

"म्हणजे हरणी नापास झाली, की तुम्ही पास?"

बंकट एक पाऊल मागं सरकला.

"खरं सांगा. झाडावर चढलात, शेडमागं लपलात, लांब म्हणून कधी गेलात का? गावाला जाऊन आठ दिवस राहिलात का? हे सगळं शिकवणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं?"

त्यानं पायानं पाचोळा उकरला. मग म्हणाला, "कळत व्हतं. पाय निगत नव्हता."

नंदाचा राग तिथंच अर्धा झाला. पण उरलेला अर्धा तिनं घट्ट धरून ठेवला, तो तिच्या लेकीचा होता. "मला राखणदार नको बंकटराव. माझी लेक रडली की ते माझं मला कळायला हवं. तुम्ही सांगाल ते तुमचं झालं. उद्या तुम्ही रानात गेलात, आजारी पडलात, रागावलात... मग? पुन्हा मी तीच. पाठमोरी."

बंकटनं मान हलवली. खिशातले भाकरीचे तुकडे काढून झाडाखाली मुंग्यांना टाकले. "उद्याच जातो. नांदूरघाटला एक आंधळे मास्तर हायेत, त्यांच्यासाठी नवं कुत्रं न्यायचंच हाय."

तो चढ चढून गेला. नंदा बघत राहिली. आणि त्या वेळी खरंच तिकडं हरणी नव्हती.

*

पहिले आठ दिवस हरणीनं पोटभर खाल्लं नाही. वडवणीच्या घराच्या उंबऱ्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायची. संध्याकाळी काम उरकून नंदाही तिच्याशेजारी टेकायची. दोघी एकाच वाटेकडं बघत. एकीला तो यायला हवा होता. दुसरीला तो यायला नको असं हवं होतं, आणि तरीही ती बघत होती.

विमलबाई समोर येऊन म्हणाली, "कुत्रीचं समजतंय. तुझं काय हरवलंय गं?"

"काही नाही."

"मला आंधळी समजू नको, नंदे. घरात एक बहिरी पुरे."

नवव्या दिवशी नंदाच्या डोक्यात आलं — खिसा! हरणी बंकटकडं जात नाही, खिशाकडं जाते. मग खिसा माणसाच्या अंगावर हवाच कशाला? तिनं जुन्या खणाची एक लहानशी पिशवी शिवली, तीत तूप लावलेले तुकडे भरले, आणि वैशूच्या झोक्याच्या दोरीला बांधली. वैशू रडली, हरणीनं सांगितलं, 'कुठं?' — आणि झोक्यापाशी पोहोचल्यावरच तुकडा. दुसरीकडं कुठंच नाही. वैशू अंगणात खेळायला लागली की पिशवी तिच्या झबल्याला मागं अडकवायची. वैशू जिथं, खिसा तिथं.

दोन दिवस हरणी गोंधळली. तिसऱ्या दिवशी नंदाच्या हातांना हरभऱ्याच्या डाळीचं पीठ होतं, खिडकीतून ऊन येत होतं, आणि गुडघ्याला नाक लागलं. 'कुठं?' हरणी चालली. उंबरा ओलांडून, म्हशीच्या गोठ्याला वळसा घालून, थेट परसात. तिथं वैशू घंगाळात पाय घालून, बाहेर काढता येईना म्हणून भोकाड पसरून बसली होती.

नंदानं लेकीला उचललं. तिचं ओलं, तापलेलं तोंड मानेशी घेतलं. रडण्याचा थरथराट तिच्या गळ्यात उतरला. आपण आलो. वेळेवर. स्वतःहून... आई सांगत आली नाही, मान वळली नाही, आणि आपण आलो! ती परसातच बसली आणि वैशूपेक्षा जास्त रडली. हरणी एकदा हिचं तोंड चाटत होती, एकदा तिचं. रडणाऱ्या दोन झाल्यावर सांगायचं कुणाला, हे तिला शिकवलेलं नव्हतं.

त्या रात्री नंदाला पहिल्यांदा मानेला रग लागली नाही.

फोन उशाशी असायचा. 'आज हरणीनं—' एवढं ती रोज लिहायची आणि रोज पुसायची. नियम होता. तिकडूनही काही येत नव्हतं. बाजारात गेलं की मिशीवाल्या माणसांची तिला उगाच चीड यायची. एवढं जंगल वाढवून बोलतात तरी कुणासाठी?

*

एकेचाळिसाव्या दिवशी गीताबाई वही घेऊन अंगणातल्या बाजेवर बसल्या. विमलबाईला ताकीद होती: बोट उचलायचं नाही. कडी वाजली, हरणी आली. कुकर, फोन, पडलेलं भांडं... हरणी सगळ्याला आली. गीताबाईंनी वहीत चार खुणा केल्या. वैशू आत झोक्यात झोपली होती. नंदा अंगणात सुपात ज्वारी घेऊन, फाटकाकडं तोंड करून बसली होती.

फाटक उघडलं.

बंकट. अंग वाळलेलं, डोळे तेच, नाकाखाली अजूनही कावळे नाहीत. ठरल्याप्रमाणं त्यानं ना हाक मारली, ना हात पुढं केला. नुसता उभा राहिला.

हरणीनं त्याला पाहिलं. नाकापासून शेपटीपर्यंत तिचं सगळं अंग थरारलं. आणि ती सुटली — बाण सुटावा तशी, कान मागं टाकून, चाळीस दिवसांची वाट एका दमात तोडत...

नंदाच्या हातातलं सूप कलंडलं. ज्वारी अंगणभर झाली. संपलं, तिला वाटलं. बीड, तिथं बघून ठेवलेली खोली, वैशूचे कपडे ठेवायला शोधलेलं ते लहान कपाट... सगळं त्या धावणाऱ्या पायांखाली सांडत गेलं.

आणि अंगणाच्या बरोब्बर मधोमध हरणी थांबली.

एक पंजा हवेत. पुढं बंकट, चार पावलांवर. दुमडलेला कान... हळूच उठला. हरणीनं बंकटकडं पाहिलं, डोळे भरून पाहिलं, शेपटी एकदाच हलली. मग ती वळली. सांडलेल्या ज्वारीतून पावलं उमटवत आली आणि नंदाच्या गुडघ्याला नाक लावलं.

'कुठं?'

आत. झोक्यात वैशू जागी झाली होती. एक पाय साडीच्या पिळात अडकलेला, तोंड लालेलाल, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. गीताबाईंच्या वहीत हा प्रश्नच नव्हता.

नंदानं पाय सोडवला, लेकीला खांद्यावर घेतलं आणि हरणीकडं पाहिलं. पिशवीतला तुकडा द्यायचंही सुचेना. जे तिला वर्षभर कुठल्या देवाकडं मागून मिळालं नव्हतं, ते समोर जमिनीवर बसून जीभ बाहेर काढून धापा टाकत होतं. पाया पडावंसं वाटलं. ती खरंच वाकली, आणि हरणीच्या कपाळाला कपाळ टेकवून तशीच राहिली.

बाहेर आली तेव्हा गीताबाई वही मिटून चष्मा पुसत होत्या. "घेऊन जा बीडला," एवढंच म्हणाल्या. विमलबाईनं वैशूला घेतलं आणि पदरानं डोळे टिपत आत गेली.

बंकट अजून फाटकातच होता. त्याचे गाल ओले होते आणि तो हसत होता.

"माझ्यापतूर येऊन फिरली," तो म्हणाला. "सहा महिने हातानं घास भरवला, अन् माझ्यापतूर येऊन... आसं कुत्रं मी जल्मात बगितलं न्हाई."

"वाईट वाटलं?"

"लई. अन् लई बरं वाटलं." त्यानं नाक पुसलं. "त्या दिवशी झाडीत बोललो ते चुकलंच माझं. नांदूरघाटला रोज हेच घोकत व्हतो. आता हरणी तुमची झाली. मी... येतो मंग."

"थांबा."

तो थांबला.

नंदानं आजूबाजूला पाहिलं. गीताबाई पाठमोऱ्या. आई आत. हे फक्त त्याच्यापुरतं बोलायचं होतं. ती त्याच्या जवळ गेली, मान थोडी वाकवली आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाली —

"त्या दिवशी मला तुमची गरज होती, बंकटराव. तेव्हा हो म्हटलं असतं, तर गरजेला म्हणतेय की तुम्हाला, हे मलाच कळलं नसतं. आता मला तुमची गरज नाही. काहीच नाही. म्हणून आता विचारते... माझ्याशी लग्न कराल?"

बंकट कानापर्यंत लाल झाला. पण बघत होता तो तिच्या पलीकडं.

नंदा वळली. गीताबाई बाजेवरून उठून उभ्या होत्या. विमलबाई कडेवरच्या वैशूसकट दारात, तोंडाला पदर. समोरच्या गच्चीवर अलमासभाभी, हातातला ओला टॉवेल तसाच धरून. रस्त्यावर दोन फटफट्या थांबल्या होत्या आणि दोन्हींवरची माणसं इकडंच बघत होती. आपला आवाज किती, हे तिला दीड वर्षात कधी कळलंच नव्हतं.

"किती मोठ्यानं बोलले मी?" तिनं विचारलं.

"नारायणगडावर नारळ फोडनारा हात थांबवून ऐकत आसंल."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून बघत म्हणाली, "आता बोलले तर बोलले. तुम्ही काय म्हणताय?"

गल्ली कान टवकारून उभी होती. अलमासभाभी कठड्यावरून एवढ्या वाकल्या, की टॉवेल खाली पडला. बंकटनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग तो नंदाच्या पुढ्यात आला, तिच्या तोंडावरचे हात अलगद बाजूला केले, आणि बोलला. सावकाश, एकेक शब्द, अगदी पूर्ण — पण आवाज न करता. नुसत्या ओठांनी.

एवढी माणसं उभी होती. त्यांतल्या एकालाही काही ऐकू आलं नाही. नंदानं सगळं ऐकलं.